ओल्या कापसाची ऊब

ज्या सालांत वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या सालांतली ही गोष्ट. भातकुलीच्या सहदेवनं कापसाचा कोठा मुद्दाम पेढी नदीच्या काठावर बांधला होता. कापसावर पाणी शिंपडलं की वजन वाढतं, आता आणखी काय सांगायचं? लबाडीच ती, पण तेव्हा कोण करत नव्हतं म्हणा. अशा ओलसर ढिगाच्या पोटात हात घातला तर भाकरीच्या टोपलीसारखी ऊब लागायची.

हे त्याच्या बायकोला, कौशल्येला, पक्कं ठाऊक होतं. म्हणून चैत्रातल्या एका सकाळी तिचं वर्षाचं लेकरू तापानंतर गार पडायला लागलं, तशी तिनं त्याला ढिगात गळ्यापर्यंत निजवलं आणि शेकायला वीट तापवून आणायला घरी धावली.

परतली तेव्हा दारातच चिखलाचा, मासळीचा वास आला. आत अंधार. लेकराचा आवाज नाही. आणि ढीग... ढीग हलत होता. तिनं कापूस बाजूला सारला.

मांडीएवढा जाड अजगर. कोठ्याखालच्या नदीच्या डोहातली ही मादी साऱ्या गावाला माहीत होती, नाकपुड्या तेवढ्या वर ठेवून दिवसभर पाण्यात पडून राहायची. ऊब पाहून तिनं रात्रीच ढिगाच्या पोटात अंडी घातली असावीत, आणि आता ती उबवायला परतली होती. वेटोळ्यात पांढरी अंडी होती आणि अंड्यांच्या मधोमध लेकरू. मादीचं सगळं अंग थरथरत होतं. अंडी उबवताना अजगरीण अशीच थरथरून अंगात ऊब आणते.

वासानं सावध झालेला सहदेव मागून कुऱ्हाड घेऊन आला.

"थांबा," कौशल्या कुजबुजली. "गाल लाल होऊन राहिले त्याचे..."

"येडी झाली काय? त्यानं श्वास सोडला का आवळीन, मंग गिळीन थे त्याले."

"अन् घाव चुकला तं?"

सहदेवचा हात वरच राहिला. दोघं भिंतीला चिकटून उभे राहिले. ऊन डोक्यावर आलं तशी मादी एकेक वेटोळं सोडत उठली, अंडी तशीच टाकून डोहात उतरली.

"अंडे टाकून गेली... काहून?" सहदेव दारातून पाण्याकडे पाहत पुटपुटला.

कौशल्येला कशाचं भान नव्हतं. लेकरू ऊबदार होतं, जिवंत होतं. तिनं रडत त्याला छातीशी धरलं. त्यानं दुधाला तोंड लावलं नाही. हातापायांनी ते तिला घट्ट बिलगलं. तिनं सुस्कारा सोडला, तशी मिठी आवळली. पुन्हा श्वास सोडला, आणखी आवळली. सैल काही होईना. पोराची पापणी लवत नव्हती.

सहदेव चार पावलांवर पाठमोरा उभा होता. त्याला हाक मारायची तर श्वास सोडावा लागणार होता.