बादली भरायला सात मिनिटं

पर्लिता नळांच्या दुकानात, मांडलेल्या शॉवरच्या रांगेसमोर उभी होती आणि तिला उभ्याउभ्याच झोप येत होती. डायलिसिसच्या दवाखान्यात पायांचे तुकडे पडेपर्यंत राबून आल्यावर बाईने शॉवर तरी किती पारखावेत, सांगा! तिने सगळ्यात मोठ्या, ताटाएवढ्या शॉवरला हात घातला.

"तो नको," मागून दुकानदार म्हणाला. "घरी बादली भरायला किती वेळ लागतो?"

"सात मिनिटं..."

"मग हा म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! दोनशे भोकं, आणि एकेकातून एकेक थेंब." आन्सेल्मो त्याचं नाव. कानांवर केस पिकलेले, नजर मात्र अशी मिश्कील, की पर्लिताने पटकन खाली बघितलं.

"अंघोळ कोण करणार?"

"आई. तिची उजवी बाजू गेलीय. दीड वर्ष मीच टमरेलाने पाणी ओततेय... पण आता माझाच खांदा वर जात नाही." परक्या माणसापुढे डोळे भरून आले, याचा तिला भयंकर राग आला.

त्याने हातात धरायचा एक छोटासा शॉवर काढला. "हा घ्या. भोकं थोडी आणि बारीक. यातली पाणी अडवणारी चकती काढून टाकू. आणि टांगायचा खाली, स्टुलाजवळ. तुमच्या घरचं पाणी दमलंय, त्याला वर चढायला लावू नका."

"म्हणजे मीही दमलेय, असंच ना?"

"मी कुठे म्हणालो? तुम्ही मघापासून माझ्या कपाटाला टेकून उभ्या आहात, एवढंच."

रविवारी तो शॉवर बसवायला आला, तर पाइप आतून गंजून बुजलेला! तो बदलायला तीन दिवस लागणार आणि तोवर नळ बंद. झालं, दुष्काळात तेरावा महिना. पण आन्सेल्मो रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी, कोपऱ्यावरच्या हापशावरून दोन-दोन बादल्या आणून ओतायचा. पर्लिता "राहू द्या हो" म्हणायची... आणि तो ऐकायचा नाही.

तिसऱ्या दिवशी खुर्चीतून तिची आई, नानाय ओसांग, कडाडली. "इंदाय, अगं पोरी, हा तुला मागणी घालतोय ना? तुझ्या बापाने लग्नाआधी वर्षभर माझ्या घरी पाणी भरलं, लाकडं फोडली. हा काय चार बादल्यांत उरकतोय?"

"नानाय! अगं, ते नळाच्या कामाला आलेत!" पर्लिताला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आन्सेल्मोने बादल्या खाली ठेवल्या. कान लालभडक. "नानाय," तो म्हणाला, "लाकडं कुठे ठेवलीत?"

चौथ्या दिवशी शॉवरला धार लागली, चांगली जोरकस. म्हातारीने स्टुलावर बसून दार आतून लोटून घेतलं आणि डाव्या हाताने आपली आपण अंघोळ करायला लागली. बाहेर पर्लिता रिकाम्या हातांनी उभी. त्या हातांचं करायचं काय, हेच तिला कळेना.

आन्सेल्मो पाने-पकडी पिशवीत भरत होता. फारच सावकाश भरत होता.

"काम संपलं," तो म्हणाला. "आता... कामाशिवाय आलो तर चालेल?"

"नानायचं बोलणं मनावर घेऊ नका."

"घेतलंय. त्यांनीच बोलायला उशीर केला."

तिला हसू आलं. "आन्सेल्मो, तुम्ही मला आवडता. खोटं कशाला बोलू? पण मी फार दमलेय हो. प्रेम करायचं तरी अंगात त्राण लागतं..."

त्याने पिशवी खाली ठेवली.

"मग सध्या मी एकटाच करतो," तो म्हणाला. "तुम्ही बसा."

आणि पर्लिता, दवाखान्याची वेळ टळून जात असताना, खरंच पायरीवर बसली.