मग सांगितलं कोणी?

"गाडी निळी होती," मास्तर म्हणाला.

"हिरवी!" शेजारचा न्हावी म्हणाला.

मी विमा कंपनीत तपासनीस. सामानाच्या एका गाडीने वाचनालयाचं फाटक मोडलं होतं आणि ते पाहणारे हे दोघंच. मी दोघांचे जबाब घेतले नि निघाले, तर मास्तर मागोमाग आला. चेहऱ्यावर अशी काळजी, जशी गाडी यानेच ठोकली!

"अहो, पण आमचं जुळत नाही ना..."

"जुळलं असतं तर मला शंका आली असती. शब्दाला शब्द जुळला की समजायचं, दोघं आधीच ठरवून आलेत. खरे साक्षीदार रंग चुकतात, वेळ चुकतात. फाटक मोडलं, यावर मात्र ठाम असतात."

त्याने माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी उगाचच पेनाचं टोपण शोधायला लागले. ते पेनाच्या मागेच होतं.

"शनिवारी दुपारी... मोकळ्या आहात?"

बाई गं! सरळ शनिवारच?

"वादसभा आहे आमची," तो घाईघाईने म्हणाला. "येशूच्या पुनरुत्थानाला ऐतिहासिक पुरावा आहे का? मी 'आहे'च्या बाजूने. 'नाही'वाले वकीलसाहेब आजारी पडलेत."

हात्तिच्या! मला वाटलं काय आणि निघालं काय.

तो इतिहास शिकवायचा आणि रविवारची प्रार्थना कधी चुकवायचा नाही. मी म्हणजे देवाला लांबूनच नमस्कार करणारी. 'नाही' म्हणायला माझं काय जातंय? म्हटलं, येते.

पण त्या सभेचा एक विचित्र नियम होता. आधी समोरच्याची बाजू आपण मांडायची, आणि तो 'हो, हेच माझं म्हणणं' असं म्हणेपर्यंत सुटका नाही. त्यामुळे ऑफिस सुटलं की माझी पावलं वाचनालयाच्या वरच्या खोलीकडे. तिथलं टेबल डुगडुगायचं. मी बोलायला लागले की तो ते गुडघ्याने धरून ठेवायचा.

"येशूचं रिकामं थडगं आधी पाहिलं ते बायकांनी," मी त्याच्या बाजूने बोलत होते. "त्या काळी बाईच्या साक्षीला किंमत ती किती! गोष्ट रचायचीच असती, तर एखादा वजनदार पुरुष साक्षीला उभा केला असता. आणि येशूला पकडल्यावर पळालेले शिष्य पुढे जिवावर उदार होऊन हेच सांगत फिरले. काही घडल्याशिवाय?"

"हेच! अगदी हेच!" त्याने टेबल सोडून टाळीच वाजवली, आणि पाण्याचा पेला माझ्या मांडीवर. "अरेरे... पण किती छान बोलता हो तुम्ही!"

ओल्या ड्रेसपेक्षा मला त्या 'छान'चीच जास्त हुडहुडी भरली. हे काय होतंय मला? आणि वर आपलंच बोलणं आपल्याला पटायला लागलेलं! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मग त्याने माझी बाजू मांडली. "बायबलातले येशूचे चारही वृत्तांत घटनेनंतर कित्येक वर्षांनी लिहिलेले. एकात थडग्याशी एक बाई, दुसऱ्यात तीन. माणसं श्रद्धेपायी जीव देतात, त्याने त्यांची श्रद्धा खरी ठरते, घटना नव्हे. आणि गेलेलं माणूस दिसलं, असं तर आजही लोक..." तो अडखळला. "आई गेल्यावर मलाही स्वयंपाकघरात तिची चाहूल लागायची."

आता 'हेच माझं म्हणणं' म्हणायचं होतं. जीभच उचलेना.

"म्हणा की. नियम आहे."

"हेच," मी पुटपुटले. इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

"घर खायला उठतं हो आता," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "दुसऱ्या गावच्या शाळेतून बोलावणं आलंय. सोमवारी जाईन म्हणतो. इथे थांबवणारं काही नाही."

"म्हणजे... काहीच?"

"पुरावा तरी नाही." तो हसला. "सापडला तर सांगा."

आणि मी — जी न्हाव्यालाही उलटसुलट प्रश्न विचारून घाम फोडते, ती मी — मूग गिळून गप्प बसले!

घरी भाजीत दोनदा मीठ पडलं.

"आल्यापासून गालातल्या गालात हसतेय," आई म्हणाली.

"हसतेय कुठे? रडकुंडीला आलीय," दादा म्हणाला.

दोन साक्षीदार, दोन जबाब. काहीतरी घडलंय, यावर मात्र दोघंही ठाम. मी ताट तसंच ठेवून उठले.

शनिवारी मी हुकमाचं पान टाकलं. "त्या चार वृत्तांतांतला सगळ्यात जुना घ्या. त्याच्या सर्वांत जुन्या प्रती कुठे संपतात? बायका थडग्यापासून पळाल्या आणि भीतीपोटी कोणाला काही बोलल्या नाहीत, इथे. पुढचं मागाहून जोडलेलं, असं बहुतेक अभ्यासक म्हणतात. साक्षीदारच गप्प, तर पुरावा कसला?"

टाळ्या पडल्या. मास्तर उठला, सावकाश.

"मान्य. पण त्या जर कायमच्या गप्प राहिल्या, तर मग आपल्याला सांगितलं कोणी?" तो सभेशी बोलत होता, बघत माझ्याकडे होता. "घाबरत घाबरत का होईना, एक तरी नंतर बोललीच असणार."

निकालाला हात वर करायला सांगितले. मी दोन्ही बाजूंना हात वर केला! सभापती बिचारे पुन्हा पुन्हा मोजत बसले.

बाहेर नव्या फाटकाशी तो म्हणाला, "बरंय... सोमवारी निघतो मग."

"बरंय," मी म्हणाले, आणि चक्क पळाले. न्हाव्याच्या दुकानापर्यंत पोचले आणि पाय थबकले. मूर्ख मुली, मग त्याला सांगणार कोण?

परत आले तेव्हा तो फाटकाशीच उभा होता.

"माझा जबाब आहे," मी धापा टाकत म्हटलं. "साक्षीदारांचं जुळत नाही. आई म्हणते हसते, दादा म्हणतो रडते. पण काहीतरी घडलंय. मला... तुम्ही आवडता. जाऊ नका ना."

त्याचे कान लाल झाले. मग म्हणाला, "वकीलसाहेब ठणठणीत आहेत."

"काय?"

"मीच त्यांना म्हटलं, या खेपेला घरी बसा. तुम्हाला परत भेटायचं होतं."

"खोटी साक्ष! आणि मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"भीतीपोटी," तो म्हणाला.

मला हसू फुटलं, डोळेही भरले. आई आणि दादा, दोघंही खरंच बोलत होते तर!

पुनरुत्थानाचं म्हणाल, तर मी अजून तळ्यात-मळ्यात. रोज भांडतो त्यावर. सोमवारी मास्तर शाळेत गेला, तो इथल्याच.