टेबलाला न कळलेली बोटं

हे खरं घडलंय. रचून सांगायचं असतं, तर स्वतःला एवढं वाईट दाखवलं नसतं.

सोमवार होता. संग्रहालयाचा सुट्टीचा दिवस. सकाळचे अकरा, दालनात लख्ख ऊन.

प्रवेशदालनातलं टच टेबल मी डिझाइन केलंय. बोट ठेवून सांगायचं... वेळ किती, सोबत कोण, आवड कशाची. टेबल नकाशावर तुमच्यापुरती वाट आखून देतं.

त्या वाटा माझ्या नव्हत्या.

तिथे एक म्हातारे गाइड होते, एक पाय ओढत चालायचे. सगळे त्यांना काका म्हणायचे. आठ दिवस त्यांच्या शेजारी बसून मी सगळं उतरवून घेतलं. लहान मूल असेल तर आधी होड्या दाखवायच्या. गुडघे दुखणाऱ्यांना जिना टाळून न्यायचं. काकांनी हातचं काही राखलं नाही.

टेबल तयार झालं. काकांनी हौसेने बोट ठेवलं.

काहीच झालं नाही.

त्यांची बोटं कोरडी, पार घासलेली. "हे मला ओळखत नाही गं!" ते हसले.

"बघते काका," मी म्हणाले.

बघितलं नाही. उद्घाटन तोंडावर आलं होतं.

मग संचालकांनी विचारलं, "आता गाइड लागेल का?"

"नाही." क्षणभरही थांबले नाही मी.

काकांना घरी बसवलं. तीन महिन्यांत ते गेले. मी काकूंना भेटायलाही गेले नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

त्या सोमवारी मी एकटीच टेबल तपासत होते. वॉचमन बाहेर फाटकावर.

मागून चपलांचा आवाज आला... सावकाश. एक पाय ओढल्यासारखा.

वळले. कुणी नाही.

आवाज माझ्या शेजारी येऊन थांबला.

आणि टेबलावर एक रेघ उमटू लागली...

माझे दोन्ही हात छातीशी होते.

रेघ दारापासून निघाली. होड्यांजवळ रेंगाळली. जिना टाळून वळली. मध्येच थांबायची... मागून कुणी दमून येत असल्यासारखी.

मी लॅपटॉपवर टेबलाच्या स्पर्शांची नोंद उघडली.

रेघ उमटली तेवढ्या वेळातले स्पर्श... शून्य.

"काका, चुकलं माझं," तोंडातून निघून गेलं.

रेघ पुसली गेली. चपला दाराकडे गेल्या.

त्याच दुपारी त्यांचं घर शोधून काढलं. काकूंनी दार उघडलं. मी रडत रडत सगळं सांगितलं, ते 'नाही'सुद्धा. रेघेचं मात्र बोलले नाही.

काकूंनी पाण्याचा ग्लास हातात दिला.

"अगं, राग नाही त्यांचा तुझ्यावर. आत्ताच म्हणाले, पोरगी येतेय, घाबरलीय, तिला आधी पाणी दे."

"आत्ताच...?"

"तू यायच्या जरा आधी." काकू सहज म्हणाल्या.

मी ग्लास तसाच खाली ठेवला.

आता दुसऱ्या संग्रहालयाला असंच टेबल हवंय. तिथे एक वयस्क गाइडबाई आहेत. परवा त्यांचा फोन आला.

"या की, शेजारी बसा. मला येतं ते सगळं सांगते."

मी अजून उत्तर दिलेलं नाही.