साडेतीन अँपिअर

गाडीची बॅटरी भरणारा अल्टरनेटर घ्यायचा तर तो आधी कानाशी धरून हातानं फिरवावा. बेअरिंगला कितीही ग्रीस फासा, ते कानाशी खोटं बोलत नाही. खोक्यावरचा छाप पाहू नये, आणि दुकानदाराचं तोंड तर मुळीच पाहू नये. सव्वीस वर्षं झाली, हिंगणीत गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतोय. जेव्हा जेव्हा माणसावर विश्वास टाकला तेव्हा हात पोळले. गावात मला शंकेखोर बबनराव म्हणतात. म्हणोत बापडे.

मंगळवारी रक्षा दुकानात आली. प्रभाकरची मुलगी. प्रभाकर माझा तीस वर्षांचा दोस्त; फेब्रुवारीत त्याला लकवा मारला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून त्याची जीप घराला लागून असलेल्या टिनाच्या शेडमध्ये उभी होती. चारही चाकांना जोर असलेली जुनी जीप, नाल्याच्या चिखलातून बैलासारखी वर यायची.

"काका, रोज सकाळी बॅटरी ठणठण गोपाळ," रक्षा म्हणाली. "सोमवारी सात वाजता मले बोर धरणावर हजर व्हायचं आहे. नाई गेली तर ते दुसरी गाडी सांगतीन."

ते म्हणजे जंगलात वाघ मोजायचे कॅमेरे लावणारी मंडळी. त्यांना सहा महिने गाडी हवी होती, चालवणाऱ्यासकट. पोरीनं सोळाव्या वर्षापासून ट्रॅक्टर चालवलेला. आता घरात कमावणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. हे काम गेलं असतं तर तिला पुण्याला मावशीकडे जाऊन कुठल्यातरी मॉलमध्ये उभं राहावं लागलं असतं, आणि तेही आईबापाला इथं टाकून.

मी जीप पाहिली. किल्ली बंद, दिवे बंद, सगळं बंद. अशा वेळी डॅशबोर्डवरच्या अँपिअर मीटरचा काटा शून्यावर झोपलेला हवा. तो वजाकडे झुकला होता. माझं मीटर लावलं. साडेतीन अँपिअर. काहीतरी करंट खात होतं.

"डायोड गेला," मी म्हटलं. "अल्टरनेटर बॅटरी पिऊन राह्यला. बदलावा लागते."

अल्टरनेटरची तार काढून खात्री करायला दोन मिनिटं लागली असती. नाही केली. दुखणं इतकं नेहमीचं होतं की मला वेगळी शंकाच आली नाही, आणि शंकेखोर म्हणवतो मी!

वर्ध्याहून नवा आणला, खोक्यातला. बुधवारी बसवला. गुरुवारी सकाळी बॅटरी उतरलेली, मीटरवर साडेतीन. मी दुकानदाराला फोनवर अशा शिव्या दिल्या की शेजारच्या चहावाल्यानं गॅस बंद केला. डुप्लिकेट माल! तो परत केला आणि नाचणगावच्या कवडूकडे गेलो. कवडू वाइंडिंग करतो; त्याच्या हातचा अल्टरनेटर दहा वर्षं बघावा लागत नाही. कानाशी धरला, फिरवला, आवाज लोण्यासारखा. बसवला. शुक्रवारी सकाळी मीटरवर परत साडेतीन.

मग समुद्रपूरला गेलो, भंगारात निघालेल्या तशाच एका जीपचा अस्सल कंपनीचा काढून आणला. दुकानात उघडला, एकेक डायोड तपासला. सगळे ठणठणीत. बसवला. शनिवारी दुपारी मीटरवर तेच साडेतीन.

चालवून पाहिली तेव्हा रक्षा म्हणाली होती, "काका, जड वाटते जी. मागून कोणी धरून राह्यलं असं."

"जुनी गाडी आहे," मी म्हटलं. "विमान नोहे."

शनिवारी संध्याकाळी कवडूला फोन करून चार गोष्टी सुनावल्या. तुम्ही सगळे मिळालेले आहात, असंही म्हटलं.

"भाऊ, एक सांगा," कवडू म्हणाला. "तीन चोर, तीन गावचे. पण तिघायनं एकाच मापाचं काऊन चोरलं?"

रात्रभर ते डोक्यात फिरत राहिलं.

रविवारी भर दुपारी मी शेडमध्ये एकटाच होतो. अल्टरनेटरची तार सोडवली, मग अल्टरनेटरच काढून जमिनीवर ठेवला. काटा हलला नाही. साडेतीन. फ्यूज एकेक करून काढत गेलो. चौथा काढला तसा काटा शून्यावर आला. परत लावला, परत साडेतीन.

चौथा फ्यूज ब्रेक लाइटचा.

हत् तुझी! दोन ब्रेक लाइट म्हणजे बरोबर साडेतीन अँपिअर, हे शिकाऊ पोरगंही सांगेल. जीप तोंड बाहेर करून उभी होती. तिची शेपूट प्रभाकरच्या खोलीच्या भिंतीला लागलेली, म्हणून आठवडाभर मागं कोणी पाहिलंच नव्हतं. मी वाकून पाहिलं. चुना मारलेल्या भिंतीवर लाल उजेड पडला होता.

ब्रेकचा स्विच अडकला असणार. पाच मिनिटांचं काम. मला स्वतःचीच लाज वाटली. दार उघडून खाली वाकलो.

प्रभाकरनं ती पायडलं कधी बदलली नाहीत. ब्रेकच्या आडव्या रेघांच्या रबराचा डावा कोपरा तुटलेला. ॲक्सिलेटरचं रबर तर कधीच गेलेलं, नुसती लांबट लोखंडी पट्टी, तिला ओळीनं तीन भोकं. कितीदा म्हटलं, बदल बाबा. तो म्हणायचा, "माह्या पायाले समजते ते."

ब्रेकचं पायडल बोटभर खाली गेलेलं होतं. स्विच चांगला होता.

मी बोटं घालून पायडल वर ओढलं. आलं. सोडलं. क्षणभर वरच राहिलं. मग हळू, अगदी बेतानं, खाली जाऊ लागलं. माझी बोटं खालीच होती. बोटांना टेकलं तसं ते थांबलं. कोणाच्या तरी पायाला माझी बोटं लागली होती.

मी हात काढून घेतला. पायडल उरलेलं अंतर खाली गेलं.

पाणी मागायला घरात गेलो. रक्षा आत येत होती, तिला म्हटलं, जीपमध्ये बसून काट्यावर नजर ठेव. कशासाठी ते सांगितलं नाही. मलाच कुठं माहीत होतं!

खोलीत प्रभाकर पलंगावर उताणा होता. त्याची बायको, सुमित्रावहिनी, तेलाची वाटी घेऊन पायथ्याशी बसत होती.

"या भाऊजी. आता याच वेळी मालिश करतो मी," ती म्हणाली. "पण हा पाय पाहा न. डॉक्टर म्हणते, यात जीव नाई. अन् दिवसभर फळीले रेटून ठेवते."

प्रभाकरचा उजवा पाय पलंगाच्या पायथ्याच्या फळीवर टेकला होता. टाच खाली, चवडा ताठ. नखं पांढरी पडली होती. फळीच्या पलीकडे भिंत, भिंतीपलीकडे जीप.

वहिनीनं तो पाय उचलून मांडीवर घेतला.

"काका!" बाहेरून रक्षा ओरडली. "काटा शून्यावर आला!"

वहिनीनं पाय खाली ठेवला.

"गेला परत!"

तळव्यावर वळ होते. आडव्या, दाट रेघा, चौकोनात बसवलेल्या. एका कोपऱ्यात रेघा नव्हत्या.

"दहा-बारा दिवसांपासून उमटून राह्यले," वहिनी म्हणाली. "तेलानं जात नाईत. भाऊजी, तुम्ही घामेघूम काऊन झाले?"

मी तिला चहा करायला पाठवलं. प्रभाकरजवळ बसलो. त्याचे डोळे माझ्यावर होते. धडधाकट होता तेव्हा चारचौघांत म्हणाला होता, जीप पोरीच्या हाती देईन, पण मी मेल्यावर. लोक हसले होते. तो हसला नव्हता. त्याला लेकीची काळजी होती की जीपची, हे मला तीस वर्षांत कळलं नाही. दुसऱ्याच्या अल्टरनेटरवर संशय घेणारा मी, या माणसावर मात्र कधी घेतला नव्हता. त्या दिवशी घेतला, आणि गिळलाही. कारण सोमवार उजाडायला एकच रात्र उरली होती.

"प्रभाकर," मी त्याचा हात धरला. "तुह्या लेकीचं पोट आहे त्या कामावर. पाय काढ बाप्पा. जाऊ दे पोरीले."

मग त्याचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं. हसला, की लकव्यानं तोंडच तसं झालं होतं, सांगता येत नाही. उजवा पाय हळूच फळीवरून सुटला आणि गादीवर पडला.

मी समुद्रपूरचाच अल्टरनेटर परत बसवला. तिघांतला तो सगळ्यात चांगला होता. रात्रभर काटा शून्यावर राहिला.

सोमवारी सव्वासहाला पोचलो. जीप अर्ध्या सेल्फात सुरू झाली. रक्षानं बॉनेटला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, माझ्या पाया पडली. पोरीचा चेहरा असा फुलला होता की मला भरून आलं.

"काका, आता अजिबात जड नाई वाटत," ती म्हणाली. "नुसता पाय टेकवला की पळते."

"धरणाच्या उतारावर हळू जाजो. वळणावर पाणी आहे खाली."

"हो जी!"

जीप वळली आणि बोरच्या रस्त्याला लागली. मी कवडूला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, होते असं कधी कधी. मग दोस्ताचे आभार मानायला आत गेलो.

वहिनी कोमट पाण्यानं त्याचे पाय पुसत होती.

"भाऊजी, तुमचं बोलणं लागलं त्यायले," ती खुशीत म्हणाली. "रेघा गेल्या पाहा रातोरात. आता हे दुसरंच काही उठलं."

ती बाजूला सरकली. उजवा पाय पुन्हा फळीला लागला होता. कालच्या जागी नाही, वीतभर उजवीकडे. तळव्यावर एक लांबट पट्टा उमटला होता, आणि त्यात ओळीनं तीन गोल.

मी दोन्ही हातांनी तो पाय धरून ओढला. जागचा हलला नाही. प्रभाकर छताकडे पाहत होता.

दूर धरणाच्या बाजूला जीपचा आवाज चढू लागला. फळीवर त्याचा अंगठा आणखी थोडा खाली गेला.