सहासष्ट अक्षरांची जागा

"आधी बूट काढ, चहा घे. दगडाचं मग सांग," हेस्टर म्हणाली, पण हॉलंडहून नुकत्याच परतलेल्या सुनेकडे, एनिडकडे, न बघता ती किटलीतच डोकावत राहिली, आणि गेली दहा वर्षे जिची हालचाल अन् हालचाल एनिडच्या परिचयाची झाली होती, ती सासू आज नजर चुकवते आहे, हे तिला दारातच उमगले.

बूट न काढताच ती टेबलापाशी गेली. पर्समधले छायाचित्र तिने लोण्याच्या बशीला टेकवून उभे केले. हॉलंडमधल्या एका खेड्याच्या चर्चचे आवार, सात पांढरे दगड... आणि तिसऱ्यावर क्लिफर्ड डाउसचे नाव.

"वाचा, आई."

"माझा चष्मा कुठं..."

"तुमच्या कपाळावर आहे."

चष्मा खाली आला नाही. जे आपणच लिहिले ते वाचायला चष्मा कशाला हवा?

क्लिफर्ड हा हेस्टरचा एकुलता एक मुलगा आणि एनिडचा, जेमतेम पाच महिन्यांच्या संसाराचा, नवरा. १९४३च्या वसंतात त्याचे बॉम्बर विमान जर्मनीहून परतताना कोसळले. सातही जण गेले, आणि त्या खेड्यातल्या लोकांनी शत्रूच्या पहाऱ्यात त्यांना एका ओळीत पुरले. शेवटच्या रजेवरून निघताना तो एवढेच म्हणाला होता, "आईकडे बघशील ना?" एनिडने बघितले. जवळच्या स्पॉल्डिंग शहरातल्या बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत ती ओल्या टीपकागदावर शंभर-शंभर बिया मांडून त्यांतल्या किती उगवल्या ते मोजत असे, आणि संध्याकाळी घरी येऊन सासूच्या सुजलेल्या पायांना पट्ट्या बांधत असे. तिथल्या मुख्य तपासनिसाने, स्टब्लीने, न्यूझीलंडला निघताना तिला लग्नाचे विचारले, तेव्हाही तिने नाही म्हटले... त्या एका वाक्यापायी!

दोन वर्षांपूर्वी सरकारी पत्र आले होते. लाकडी क्रूस काढून तिथे दगड बसवणार होते, आणि दगडाच्या तळाशी जवळच्या नातलगाला स्वतःची एक ओळ देता येणार होती. मर्यादा सहासष्ट अक्षरांची, शब्दांमधली मोकळी जागाही त्यातच धरून. एनिडने त्या ओळीवर तीन आठवडे घालवले. "हेस्टरचा मुलगा, एनिडचा नवरा. त्याची खिडकीजवळची खुर्ची आम्ही जपतो." इंग्रजीत ती बासष्ट अक्षरे भरली, चार उरली. "पोस्टावरूनच जातेय, दे इकडं," हेस्टर म्हणाली होती, आणि एनिडने लिफाफा विश्वासाने तिच्या हाती दिला होता. घरात मिसेस डाउस दोघी. सहीवरून कार्यालयाला काय कळणार?

दगडावर कोरले होते: "आईचा एकुलता एक मुलगा. ती त्याची वाट पाहते."

"तिथं त्या थडग्यांची देखभाल करणारी एक बाई आहे, ग्रीत्ये," एनिड म्हणाली. तिचा स्वर प्रयोगशाळेतला होता, निष्कर्ष वाचून दाखवताना असतो तसा. "दहा वर्षं ती त्याच्यावर फुलं ठेवतेय. तिनं दगड वाचला, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, 'तुम्ही त्याची बहीण का?' मी काय सांगायचं होतं, आई?"

"मी त्याला बावीस वर्षं वाढवला!" हेस्टर एकदम कडाडली. "तुझ्या वाट्याला किती आला? रजेचे अकरा दिवस!"

"नऊ. मी मोजलेत."

"एवढीशी जागा! त्यात दोघी कुठं बसणार होत्या?"

"बसल्या होत्या! तुमचं नाव मी आधी घातलं होतं. तुम्ही वाचलं नाही?"

हेस्टरने किटली खाली ठेवली. मग अत्यंत क्षीण आवाजात, पण खोटे न बोलता, ती म्हणाली, "वाचलं होतं. म्हणूनच फाडलं. तो मला वाटून घ्यायचा नव्हता, पोरी..."

त्या क्षणी एनिडच्या अंतःकरणात जे तुटले त्याचा आवाज झाला नाही. परक्याने केलेल्या घाताला निदान परकेपणाचे कारण असते. इथे तर ज्या पायांना तिने पट्ट्या बांधल्या, तेच पाय तो बदललेला मजकूर घेऊन पोस्टापर्यंत चालत गेले होते! दुसऱ्याच दिवशी तिने स्पॉल्डिंगला एक खोली घेतली. सासूच्या शुश्रूषेची व्यवस्था परिचारिकेकडे लावून दिली, कारण वचन ते वचन. पण ती स्वतः त्या घरी गेली नाही. सात महिने!

नोव्हेंबरात एके दुपारी गावचा पाथरवट कपलडिच टोपी हातात घेऊन प्रयोगशाळेत आला.

"डाउसबाई, जिवंत माणसाचं नाव दगडावर घालायचं तर त्याला आधी विचारायचं, असा आमच्या घराण्याचा रिवाज आहे," तो म्हणाला. "मेलेल्यांचं बरं असतं, मजकूर बदलत नाहीत. तुमच्या सासूबाईंनी तीनदा बदलला. मी म्हटलं, बाई, दगड आहे हा, पाटी नव्हे."

त्याने कागद पुढे केला. गावच्या चर्चच्या आवारात हेस्टरच्या नवऱ्याचा, हर्बर्टचा, दगड होता. त्याचा खालचा अर्धा भाग हेस्टरसाठी कोरा ठेवलेला साऱ्या गावाला ठाऊक होता. त्या अर्ध्यासाठीचा मजकूर वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिला होता: "यांचा मुलगा क्लिफर्ड, एनिडचा नवरा. हॉलंडमध्ये विसावला. एनिडने त्याच्या आईला सांभाळले."

एनिडने तो दोनदा वाचला. "आणि त्यांचं नाव?"

"मीही तेच विचारलं. म्हटलं, ही जागा तर तुमची, तुम्ही कुठं जाणार? तर म्हणाल्या, 'माझ्या वाटणीचा दगड मी समुद्रापलीकडं वापरून बसलेय.'" त्याने टोपी हातात फिरवली. "मग, खोदू?"

"थांबा," एनिड म्हणाली. बीज उगवत नाही म्हणून ते निर्जीव ठरवण्यापूर्वी अठ्ठावीस दिवस थांबायचे, हा तिच्या कामाचा नियम होता. माणसासाठी असा आकडा कोणी ठरवलेला नव्हता. मेजावरचा टीपकागद झाकून तिने कोट घेतला.

दार हेस्टरनेच उघडले. ती खूप वाळली होती.

"किल्ली हरवलीस का?" ती म्हणाली, आणि दारातून बाजूला झाली.

एनिडने आत येऊन टेबलावर कागद पसरला, पेन्सिल काढली आणि शेवटचे वाक्य खोडले. त्या मोकळ्या जागेत तिने लिहिले: "आणि त्याची आई हेस्टर."

"अगं, ते कशाला खोडलंस? तेवढंच तर खरं होतं!" हेस्टरचे अश्रू आता अनावर वाहत होते. "मी त्या कार्यालयाला लिहिलं होतं, एनिड... माझ्या हातून चूक झाली, दगड बदला म्हणून. ते म्हणाले, कोरलेलं बदलत नाहीत."

"म्हणजे तिथला तसाच राहणार."

"राहणार..."

"मला ते विसरता येईल असं वाटत नाही, आई. खोटं कशाला सांगू?"

"नको विसरूस." हेस्टरने डोळे पुसले आणि चष्मा कपाळावरून खाली ओढून कागदावर वाकली. "पण हे... हे सगळं बसतं का?"

एनिड पेन्सिलीच्या टोकाने एकेक अक्षर मोजत गेली. "बसतं," ती शेवटी म्हणाली. "दोघींना जागा आहे. तेव्हाही होती."

हेस्टरने मान हलवली. मग ती भिंतीला धरत खिडकीपाशी गेली, आणि दहा वर्षांत जिच्यावर कोणी बसले नव्हते, जिची धूळ दोघींनी आळीपाळीने पुसली होती, ती क्लिफर्डची खुर्ची तिने दोन्ही हातांनी ओढत टेबलापाशी आणली.

"बस," ती म्हणाली. "उभ्यानं काय मोजतेस?"