अरोमाचं माहेर

"ताई, तुमच्याकडचा सगळ्यात उग्र वास कोणता?"

एप्रिलची ऐन गर्दी. पंचवटीतल्या आमच्या मसाला कांडपावर डबे घेऊन बायका उभ्या, आणि त्यांच्यामधून डोकं काढून कुणी हे विचारतंय! मी म्हटलं, "आधी रांगेत या."

तो खरंच रांगेत उभा राहिला... पाऊण तास. नंबर आल्यावर हळूच म्हणाला, "माझं नाक गेलंय."

मी पाहिलं. नाक जागेवर होतं, आणि चांगलं सरळ होतं.

कुणाल बोरस्ते, निफाडचा. तिकडच्या एका वायनरीत पाहुण्यांना वाइन चाखवायची नोकरी. फेब्रुवारीतल्या सर्दीनं वास पार गेला, तेव्हापासून पाठ केलेली वाक्यं बोलून वेळ मारून नेत होता. जूनमध्ये मालक स्वतः परीक्षा घेणार होते. वास ओळखता आला नाही तर नोकरी जाणार. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज उग्र वास हुंगा.

मला दया आली. तेव्हा तरी दयाच असावी. मी त्याच्यासाठी वाट्या मांडू लागले—लवंग, दगडफूल, धने, जिरं. तो डोळे मिटून हुंगायचा आणि मी त्याच्या पापण्या बघायचे.

"काही आलं?"

"नाही... उद्या येतो."

वास येईना, तसं बोलणं वाढलं. कामावर 'अरोमा' हा शब्द दिवसातून पन्नासदा बोलावा लागतो, तर तो मुळात आला कुठून, याचा त्याला नाद लागला होता. रोज एखादा देश मागे जायचा. "स्पेनमध्ये अरोमा, इटलीत अरोमा, जर्मनीतही अरोमाच. फ्रेंच मात्र आरोम म्हणतात..." असं म्हणताना त्याचे ओठ गोल व्हायचे. मला नीट ऐकू यायचं, तरी मी "काय म्हणतात?" असं पुन्हा विचारायचे.

एका मंगळवारी तो लॅटिनपर्यंत पोचला आणि मला प्रश्न पडला. शब्द संपला, नाक बरं झालं, की हा कशाला येतोय इकडे?

सांगायला लाज वाटते, पण बुधवारपासून मी वाट्यांमध्ये गेल्या वर्षीचा, हवा लागून भुसा झालेला माल ठेवू लागले. त्याच्या नोकरीचा प्रश्न होता, कळत होतं मला. जेवण गोड लागेना. तरी सकाळी हात त्याच डब्याकडे जायचा.

दहा दिवस असेच गेले. मग एका दुपारी तो दारातूनच ओरडला, "सापडलं! ग्रीकमध्ये अरोमा म्हणजे काय, माहितीये? मसाला! सुगंध हा अर्थ मागाहून चिकटला. अख्खा युरोप ग्लास नाकाशी धरून तुमच्या मालाचं नाव घेतोय, वृषाली!"

ताई नाही... वृषाली.

आमच्याकडे मसाले भाजणाऱ्या मालनबाई बाहेर पायरीवर चहा पीत होत्या, म्हणून जिऱ्याच्या कढईपाशी मी होते. तो माझ्याकडे पाठ करून त्यांनाही समजावू लागला.

"आपला काळा मसाला बी तिकडचाच का रं?" मालनबाईंनी विचारलं.

मी त्याच्या पाठीकडे बघत होते. मसाल्याशी येऊन शब्द संपला, म्हणजे येणंही संपलं. डोळे भरून आले—

"जिरं करपतंय!" तो पाठमोराच ओरडला.

मी कढई उतरवली आणि मग डोक्यात उजेड पडला.

"तुमचं नाक कधी आलं?"

तो वळला. कानापर्यंत लाल झाला होता. "बारा दिवस झाले."

"आणि रोज 'नाही, उद्या येतो'?"

"आलं म्हटलं असतं, तर उद्या कसा आलो असतो?"

"म्हणजे त्या वाट्या..."

"शिळ्या होत्या. पहिल्याच दिवशी कळलं. वाटलं, माल संपला असेल. पण बाकीच्या बायका ताजी लवंग घेऊन जात होत्या... म्हणजे शिळं फक्त माझ्यासाठी! तेव्हा कुठे जिवात जीव आला."

"मग माझं एवढं पाप?"

"वाया गेलं," तो हसत म्हणाला.

"जिरं बी गेलं," मालनबाई पायरीवरून म्हणाल्या. "पर बाकीचं जमलं म्हनायचं."

मला कुठे बघावं कळेना. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "ग्रीकच्या मागे काय आहे?"

"ते कुणालाच नक्की माहीत नाही. पुस्तकं तिथेच थांबतात."

"मग उद्या काय सांगणार मला?"

तो कढईपर्यंत आला. "उद्या मी नाही बोलणार. आईला घेऊन येतो, ती बोलेल. तुझ्या वडिलांना थांबायला सांगशील?"

तुझ्या... मी पदराआड—म्हणजे ओढणीआड—हसले.

"चारला या," मी म्हटलं. "तेव्हा अप्पांचा चहा झालेला असतो."