बोरसेमामांचा कान

सकाळी सातला ललिता पाडवीने विमानाचं इंजिन सुरू केलं, तेव्हा कानपेटीवर हिरवा दिवा लागला होता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे सगळं गाडं त्या हिरव्या दिव्यापाशीच अडलं.

कानपेटी म्हणजे साबणाच्या डबीएवढं यंत्र. इंजिनाच्या आवरणावर बसवायचं; ते आवाज ऐकतं आणि इंजिन धडधाकट आहे की दुखणं लपवतंय ते सांगतं. धुळ्याबाहेरच्या त्या छोट्या धावपट्टीवरून औषधं नि रक्ताच्या पिशव्या नेणारी चार विमानं उडायची आणि चारही विमानांवर ही पेटी होती. पेटीला शिकवलं होतं तिथल्याच हिरामण बोरसे मिस्त्रींनी. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि लाकडी मूठ कानाला लावून बोरसेमामा तीस वर्षं इंजिनं ऐकत आले होते. पेटी बनवणाऱ्यांनी त्यांना दोन वर्षं हजारो आवाज ऐकवले. मामा प्रत्येक आवाजावर बटण दाबायचे, 'ठीक' किंवा 'बिघाड'. त्यातून पेटी शहाणी झाली. त्या दसऱ्याला हत्यारांच्या पूजेत मामांनी तिलाही झेंडू वाहिला, आणि त्या दिवशी त्यांना स्वतःचा फार अभिमान वाटला.

"मामा, बारीक शिट्टी येतेय," ललिता खिडकीतून ओरडली.

मामांनी बाजूने येऊन मूठ कानाला लावली. छान, एकसारखी घरघर होती. पेटी हिरवी होती. त्यांनी हात हलवला.

"वारा असेल गं. जा बिनधास्त."

वीस मिनिटांनी साक्रीच्या पुढे इंजिन बंद पडलं. ललिताने विमान कपाशीच्या शेतात उतरवायचा प्रयत्न केला, पण चाक बांधाला अडलं आणि विमान उलटलं. पुढचा भाग पेटायच्या आत शेतातल्या बायांनी तिला ओढून बाहेर काढलं. कंबरेचं हाड मोडलं, जीव वाचला. नंदुरबारला चाललेल्या रक्ताच्या पिशव्या काळ्या मातीत फुटल्या.

चौथ्या दिवशी चौकशी अधिकारी नाझनीन तांबोळी आल्या. हँगरमध्ये टेबलावर जळक्या इंजिनाचे तुकडे मांडले होते.

"यातून काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "कोळसा झालाय. पण पेटीने उडतानाच खाली पाठवलेल्या नोंदी आपल्याला मिळाल्यात आणि त्या स्वच्छ आहेत. म्हणजे इंजिन ठीक होतं. इंधनाची टाकी बदलायला वैमानिक विसरली असणार. परवाना जाईल तिचा."

"ती विसरणाऱ्यातली नाही, मॅडम."

"असेलही. पण पेटीच्या विरुद्ध मी काय लिहू?"

मामा उठले, बसले, पुन्हा उठले. शेवटी म्हणाले, "त्या सकाळचा आवाज नोंदींत असेल ना? लावा बरं."

तांबोळींनी आवाज लावला. तीच छान, एकसारखी घरघर. मामा मान डोलावणार, तेवढ्यात तांबोळींनी कपाळाला आठी घालून आवाज कमी केला.

"ही शिट्टी कसली आहे? दातात कळ येतेय."

मामा टेबलापासून दारापर्यंत गेले, परत आले. बाहेर दुसरं विमान सुटायच्या तयारीत होतं आणि त्याची पेटीही हिरवी होती. सहा वर्षं त्यांनी ही गोष्ट बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

"अशा पेट्या किती विमानांवर आहेत, मॅडम?"

"देशभरात दोनशे बारा."

"सगळी जमिनीवर थांबवा. आत्ताच."

मग त्यांनी सांगून टाकलं. इंजिनांच्या धडधडीत आयुष्य गेलं, त्यात बारीक आवाज ऐकू येईनासे झाले. दरवर्षी कानाची तपासणी व्हायची. काचेच्या खोलीत बसवून आवाज सोडायचे, ऐकू आला की हात वर करायचा. तपासणाऱ्याचं बोट बटणावर पडलं की त्याची सावली काचेत दिसायची. मामा सावली बघून हात वर करायचे. तपासणीत ते दरवर्षी पास झाले आणि पेटी शिकवायलाही तेच बसले.

"पेटीला शिट्टी ऐकू येते," ते म्हणाले. "पण त्या शिट्टीवर मी 'ठीक'चं बटण दाबलंय. एकदा नाही, शेकडो वेळा. चूक पोरीची नाही. माझी आहे. लिहून घ्या."

तांबोळींनी आधी फोन उचलला, मग कागद ओढला.

दुपारी आकाश गप्प होतं. मामांनी ओळखपत्र जमा केलं आणि सरळ हॉस्पिटल गाठलं. ललिताला सगळं कळलं होतं. मामा खाटेच्या कडेला उभेच राहिले. बसायची हिंमत होईना.

"मला ऐकू आलं होतं, मामा," ती म्हणाली. "मी तुमच्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं आणि उडाले."

"माझ्यावर राग धर. धरायलाच हवा."

"धरलाय." तिने उशाचा मोबाइल दाखवला. "पेटीवाल्यांचा फोन होता. पेटी पहिल्यापासून शिकवायची आहे. या वेळी बटण दाबायला मी बसावं म्हणतात. माझे कान तपासून घेणार आहेत, नीट. मी हो म्हटलंय."

मामांना बरं वाटलं, अगदी मनापासून. पण पाय काही स्वस्थ उभे राहीनात. ते खिडकीपर्यंत गेले आणि परत आले.

"शिट्टी तुला ऐकू येते, ते बरंच आहे," ते म्हणाले. "पण पोरी, जो बिघाड तुला ऐकूच येत नसेल, मलाही नाही, त्या तपासणाऱ्यालाही नाही, त्यावर तू 'ठीक' दाबलंस, तर ते कुणाच्या लक्षात येणार?"